पत्ता न ठेवता गेलेलं गाव

ज्या जमिनीचा १८६५ साली २० लाख डॉलरला सौदा झाला होता, तीच जमीन १८७८ साली ४ डॉलर ३७ सेंटला गेली. घेणारं होतं तिथलं व्हेनँगो काउंटीचं प्रशासन, म्हणजे आपल्याकडची जिल्हा परिषद समजा. मधल्या काळात त्या जमिनीवर एक अख्खं शहर उभं राहिलं, माजलं, जळलं आणि उठून गेलं. त्याचं नाव पिटहोल. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, टायटसव्हिलच्या बाजूला.

हे मी तात्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी डॉलरचा भाव विचारला. आजच्या भावानं चारशेच्या आसपास बसतंय म्हटल्यावर जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "अन् खरेदीखताचा खर्च कुणी केला आसंल? जमिनीपरीस स्टँपच म्हाग."

तात्या माझे चुलते. ऐंशी कधीच ओलांडली. उभा जन्म लातूरच्या एका ऑइल मिलमध्ये एक्स्पेलरवर, म्हणजे तेल पिळायच्या यंत्रावर, मिस्त्री म्हणून गेला. मिल बंद पडून जमाना झाला, मालकाची मुलं-नातवंडं पुण्याला गेली, पण फाटकाची किल्ली अजून तात्यांच्या करगोट्याला आहे. सकाळी चहा झाला की ते मिलच्या ओट्यावर जाऊन बसतात. पगार नाही, कुणी सांगितलेलंही नाही. मी पोस्ट खात्यातून सब-पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे मलाही सकाळी काही काम नसतं. अमेरिकेहून परत आल्यावर तिथली हकीकत मी बहुतेक त्या ओट्यावरच सांगितली, आणि खरं सांगायचं तर पिटहोल मला थोडंफार कळलं ते तात्यांच्या प्रश्नांमुळे.

मुलगी आणि जावई क्लीव्हलंडला असतात. नायगारा दाखवायचा त्यांचा बेत होता. जावई म्हणाले, हॉटेलं कशाला, आरव्ही भाड्यानं घेऊ. आरव्ही म्हणजे मोटरहोम, चाकांवरचं घर. ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग, मागं दुसरा पलंग, मध्ये ओटा, गॅस, फ्रीज, जेवायचं टेबल. ते टेबल रात्री खाली दाबलं की त्याचाही पलंग होतो. सौभाग्यवतींनी आत पाऊल टाकताच आधी तिखट-मिठाचा डबा कुठं ठेवायचा ते ठरवलं आणि तिथून पुढं ते घर तिचं झालं.

या गाडीला पाण्याच्या तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची, एक सांडपाण्याची आणि एक संडासाची. चांगल्या पाण्याच्या टाकीत किती उरलंय ते दाखवणारे छोटे दिवे ओट्याच्या वर. जावयांनी पहिल्याच दिवशी काळजीनं सांगितलं, "बाबा, टाकी दीडशे लिटरचीच आहे, जरा जपून." आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं. लातूरकराला पाणी जपून वापरायला सांगायचं म्हणजे काय! २०१६ चा उन्हाळा आम्ही काढलाय. मांजरा धरणाचा तळ उघडा पडला होता आणि मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. एप्रिलमध्ये पहिली गाडी आली ती दहा वाघिणींची, पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली. त्या टाकीच्या वाघिणी राजस्थानातल्या कोटा शहरातल्या रेल्वे कारखान्यात वाफेनं धुऊन काढल्या होत्या, पाणी भरण्याजोग्या व्हाव्यात म्हणून. तर त्या गाडीत सौभाग्यवतींनी भाज्या धुतलेल्या पाण्यात ताटं विसळली, ताटं विसळलेलं पाणी बादलीत धरलं आणि ते कुठं टाकायचं म्हणून खिडकीतून झाड शोधू लागली. टाकीवरचा दिवा हलेचना. जावयांना वाटलं यंत्रच बिघडलंय.

संडासाची टाकी मात्र जावईच रिकामी करायचे. कॅम्पग्राउंडवर त्यासाठी वेगळी जागा असते, तिथं हातमोजे घालून जाड नळी जोडायची. हे ऐकून तात्या अस्वस्थ झाले. "घरात संडास अन् ते घर घिऊन गावोगाव हिंडायचं? अन् पैशे दिऊन?" त्यांचं समाधान मला करता आलं नाही.

एरीपाशी हमरस्ता सोडून आम्ही दक्षिणेला टायटसव्हिलला वळलो, कारण जावयांना ड्रेकची विहीर बघायची होती. १८५९ च्या ऑगस्टमध्ये एडविन ड्रेक नावाच्या माणसानं तिथं जमिनीत भोक पाडलं आणि जेमतेम ७० फुटांवर त्याला तेल लागलं. आपल्याकडं बोअर घेणारा एवढ्या खोलीवर अजून केसिंग पाइपच टाकत असतो. अमेरिकेतला तेलाचा धंदा तिथून सुरू झाला. ड्रेकला त्यातून फारसं काही मिळालं नाही. म्हातारपणी हलाखीत होता, म्हणून १८७३ साली राज्यानं त्याला वर्षाला १,५०० डॉलरची पेन्शन बांधून दिली. त्या वेळी तेल हवं होतं ते गाड्यांना नव्हे, गाड्या नव्हत्याच. हवं होतं दिव्यांना. त्या तेलाचं रॉकेल करून पत्र्याच्या डब्यांतून जगभर धाडलं गेलं. आपल्याकडंही आलं.

इथं तात्यांनी मला थांबवलं. "म्हंजी आपल्या घाण्याला पयला दणका तेंनीच दिला म्हण की." मी हे कधी असं जोडून पाहिलं नव्हतं. पण बरोबर होतं. रॉकेल यायच्या आधी आपल्याकडं घरोघरी कंदील नव्हते, पणत्या आणि समया होत्या, आणि त्यांत जळायचं ते करडीचं, एरंडाचं, घाण्यावरचंच तेल. पेनसिल्व्हेनियातल्या भोकांतून निघालेलं तेल मुंबईच्या बंदरात उतरलं आणि इथल्या तेल्याचं निम्मं गिऱ्हाईक गेलं. खायचं तेवढं राहिलं.

ड्रेकच्या संग्रहालयात हिंडताना कळलं की इथून जवळच पिटहोल नावाचं गाव होतं आणि त्याचं पोस्ट ऑफिस एके काळी राज्यात तिसऱ्या क्रमांकाचं होतं. पुढं फक्त फिलाडेल्फिया आणि पिट्सबर्ग. मी पोस्टातला माणूस. बाकीच्यांना नायगाऱ्याची घाई होती, पण मी म्हटलं, हे पोस्ट ऑफिस मला बघायचंय.

तर पिटहोलची गोष्ट अशी. १८६५ च्या जानेवारीत थॉमस होल्मडेन नावाच्या शेतकऱ्याच्या रानात तेल उसळलं. एप्रिलमध्ये अमेरिकेचं यादवी युद्ध संपलं आणि हजारो शिपाई खिशात पगार घेऊन मोकळे झाले. त्यांना काम हवं होतं, त्याहून जास्त नशीब हवं होतं. मे महिन्यात होल्मडेनच्या रानात प्लॉट पाडले, ५०० एक. वर्ष संपेपर्यंत तिथं २०,००० माणूस जमलं. पन्नासच्या वर हॉटेलं, नाटकघरं, गुत्ते, चर्च, स्वतःचं दैनिक वर्तमानपत्र. सगळं लाकडी, कच्च्या फळ्यांचं, आज ठोकलं की उद्या भाडेकरू आत. रस्ता म्हणजे तेल मिसळलेला चिखल. त्या चिखलानं ओझ्याच्या घोड्यांच्या अंगावरचे केस झडायचे.

आणि १८६६ संपताना तिथं २,००० माणूस उरलं होतं. विहिरी आटल्या, आगी लागल्या, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. शिवाय तेल दुसरीकडं लागलं. १८६८ साली शेजारच्या प्लेझंटव्हिलला तेल सापडल्यावर लोकांनी घरांच्या फळ्या उचकटल्या आणि तिकडं नेल्या. १८७० च्या जनगणनेत २३७ जण. १८७७ साली गावाचा दर्जाच रद्द झाला.

आज तिथं काय आहे? टेकडीचा उतार आहे आणि गवत आहे. राज्याच्या इतिहास खात्याकडं जागा आहे, त्यांनी जिथं रस्ते होते तेवढंच गवत कापून ठेवलंय. म्हणजे उंच गवतात आखीव हिरवे पट्टे, आणि कोपऱ्यावर पाटी: होल्मडेन स्ट्रीट. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना मध्येच जमीन खोलगट होते, तिथं हॉटेलांची तळघरं होती. वर एक छोटं माहिती केंद्र आहे, त्यात भरभराटीच्या काळातल्या गावाचं लाकडी मॉडेल ठेवलंय, बोटभर उंचीची घरं. ते बघायचं, बाहेर यायचं आणि मग रिकाम्या उतारावर ती घरं मनानं मांडत जायचं. सौभाग्यवतींनी प्रयत्न केला, मग सरळ विचारलं, "पण गाव कुठंय?" जावयांनी फोटो काढले. तेच फोटो मी तात्यांना दाखवले. त्यांनी मोबाइल लांब धरून एकेक बघितला आणि म्हणाले, "गवत बगायला गेलतास व्हय? आपल्या माळावर कमी हाय का?"

मी मात्र त्या उतारावर बराच वेळ हिंडलो. डोक्यात पोस्टच होतं. वीस हजारांचं गाव वर्षाच्या आत रिकामं झालं, तर त्या काळात आलेल्या पत्रांचं काय झालं असेल? पोस्टाची थैली गावाच्या मागून चालते. माणूस निघून गेला तरी त्याच्या आईचं पत्र काही महिने येतच राहतं. आमच्याकडं अशा पाकिटावर पोस्टमन शेरा मारतो: 'घर बंद', 'घेणारा सापडत नाही', 'पत्ता न ठेवता गेला'. हे शेरे मी नोकरीत इतके पाहिले की हस्ताक्षरावरून कुठला पोस्टमन ते सांगता यायचं. पिटहोलच्या पोस्टमास्तरनं १८६६ च्या उन्हाळ्यात हाच एक शेरा किती पाकिटांवर लिहिला असेल! रोज ढिगानं येणारी टपाल तशीच्या तशी परत करायची. आपण त्या खुर्चीत असतो तर, हा विचार मनातून जाईना. मोठ्या ऑफिसातून बघता बघता छोटं ऑफिस, मग एक खिडकी, मग वरून पत्र: शाखा बंद करण्यात येत आहे.

तात्यांना पोस्टात रस नव्हता. त्यांना वाहतुकीत होता. विहिरीपासून रेल्वेपर्यंत तेल न्यायचं कोण? मी सांगितलं, घोडागाडीवाले. लाकडी पिंपं गाडीत घालून चिखलातून पाच-सहा मैल न्यायचे आणि एका पिंपाला अगदी तीन डॉलरपर्यंत भाडं मागायचे. विहीर मालकाची, पण नफा गाडीवानाचा. तेव्हा सॅम्युअल व्हॅन सिकल नावाच्या व्यापाऱ्यानं १८६५ च्या ऑक्टोबरात दोन इंची लोखंडी पाइप टाकला, पिटहोलपासून मिलर फार्मच्या स्टेशनापर्यंत, साडेपाच मैलांच्या आसपास. दिवसाला २,००० पिंपं तेल नळीतून जाऊ लागलं. नीट चाललेली ही पहिली तेलवाहिनी. गाडीवानांनी रात्री जाऊन पाइप उखडला, टाक्यांना आगी लावल्या. मग बंदूकधारी पहारे बसले आणि गाडीवान संपले.

मला वाटलं, एक्स्पेलर चालवणारा माणूस, यंत्राच्या बाजूनं बोलेल. पण तात्यांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, बैलगाडीनं भुईमूग गंजात, म्हणजे बाजारपेठेत, आणायचे. तात्या गाडीवानांकडूनच बोलले. "तेंनी चिखुल तुडवला तवा कुणी पाइप टाकला न्हाई. पैका दिसल्यावर टाकला." मग लगेच, "अन् पाइपवाल्याचं काय झालं?" कर्जापायी पाइपलाइन बँकेच्या ताब्यात गेली, मी म्हटलं. तात्या खोकला येईपर्यंत हसले.

आता या मिलबद्दल थोडं सांगायला हवं. गंजगोलाई ही लातूरची नाभी. १९१७ साली वसवलेली, मध्ये जगदंबेचं देऊळ आणि भोवती सोळा रस्ते फुटलेले. त्याच्या आधी काही वर्षं, १९११ मध्ये, बार्शी लाइटची छोटी रेल्वे लातूरला पोचली होती. रेल्वे आणि गंज एकत्र आल्यावर आजूबाजूच्या काळ्या रानातली करडी, भुईमूग, जवस, तीळ, सरकी इथं उतरू लागली. घाण्यांच्या जागी एक्स्पेलर आले. आमच्या लहानपणी शहराच्या त्या भागातून शाळेत जाताना डोळे मिटूनही कळायचं की कुठल्या मिलमध्ये आज काय चाललंय. भुईमुगाचा वास गोडसर आणि जड. करडीचा खमंग. सरकीचा नको वाटणारा.

एक्स्पेलर वरून पाहिला तर ओबडधोबड लोखंडी पेटी आहे. वर हॉपर, त्यात गरम केलेला दाणा सोडायचा. आत एक जाड शाफ्ट, त्यावर स्क्रूसारखे आटे, त्याला वर्म म्हणतात. वर्म फिरत दाण्याला पुढं रेटतो, पुढं जागा कमी कमी होत जाते, आणि बाजूच्या पोलादी पट्ट्यांच्या, म्हणजे केजच्या, फटींतून तेल झिरपतं. पलीकडच्या तोंडातून पेंडीच्या पापड्या बाहेर पडतात. तात्यांचं सगळं कसब त्या पलीकडच्या तोंडाशी होतं. तिथला सुळका किती आवळायचा हे ते कानानं ठरवायचे. मग पडती पापडी उचलून बोटांत मोडायची. चट्कन मोडली आणि बोटाला ओल लागली नाही तर बरोबर. ओल लागली म्हणजे पेंडीत तेल चाललं, मालकाचे पैसे गुरांच्या पोटात. फार आवळलं तर पेंड जळून काळी पडते आणि वर्म झिजतो. या दोन्हींच्या मध्ये सुताएवढी जागा असते, आणि तेवढ्यात त्यांची पस्तीस-चाळीस वर्षं गेली. हे मला त्यांनी कित्येकदा सांगितलंय, पण दर वेळी सांगताना अंगठा आणि तर्जनी अशी घासतात की जणू पापडी हातात आहे.

मिल कशानं बंद पडली? गावात विचारलं तर मालकाच्या भावकीतलं भांडण सांगतील, आणि ते झालंही होतं. पण भांडणं मिल चालू असतानाही होतीच. १९८६ साली सरकारनं तेलबियांचं तंत्रज्ञान मिशन सुरू केलं, तेव्हा काही वर्षं देशात खाद्यतेलाची पैदास खरोखर वाढली. लातूरला संशोधन केंद्र, परभणीला कृषी विद्यापीठ, करडीचे नवे वाण, सगळं होतं. मग १९९४-९५ मध्ये खाद्यतेलाची आयात खुली झाली आणि पुढं तिच्यावरचं आयातशुल्कही उतरत गेलं. पामोलीन आलं. रंग नाही, वास नाही, आणि स्वस्त. त्याच सुमारास रानात सोयाबीन शिरलं. करडी काढायची म्हणजे पहाटे दव असताना, हातापायाला चिंध्या गुंडाळून, कारण दिवस वर आला की काटे कडक होतात. सोयाबीनला काटे नाहीत, तीन-साडेतीन महिन्यांत हातात पैसा. शेतकऱ्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण सोयाबीनमध्ये तेल जेमतेम १८-२० टक्के, करडीत ३० च्या आसपास, शेंगदाण्यात ४५ च्या वर. एवढं कमी तेल एक्स्पेलरनं पिळून परवडत नाही, त्याला रसायनानं तेल काढणारा सॉल्व्हंट प्लँट लागतो, आणि तो कोट्यवधींचा खेळ. म्हणजे पीक होतं, गंज होता, गिऱ्हाईक होतं. मधला तात्यांचा सुताएवढा अंदाज तेवढा निकामी झाला.

तात्या हे एका वाक्यात सांगतात. "आमचं त्याल आटलं न्हाई, आमची गरज आटली."

पिटहोल आणि आपल्यात फरक काय, असं जावयांनी परतीच्या वाटेवर विचारलं होतं. त्यांना वाटत होतं मी हळवा झालोय. मी म्हटलं, मला उलट त्या लोकांचा हेवा वाटतोय. फळ्या उचकटल्या आणि निघाले. कुणाचा आजा तिथं पुरलेला नव्हता, कुणाची देवी तिथल्या लिंबाखाली नव्हती, सातबाऱ्यावर कुणा चुलत्याचं नाव अडकलेलं नव्हतं. तोट्यातलं गाव सोडून जाता येणं ही सुद्धा एक श्रीमंतीच आहे. आमच्याकडं गाव सुटत नाही. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी औशाला होतो. पुढचे कित्येक आठवडे उद्ध्वस्त गावांच्या नावची टपाल येत राहिली, बरीच ती ख्यालीखुशाली विचारणारी. घरं नव्हती, गल्ल्या नव्हत्या. पोस्टमन पत्र्याच्या शेडमध्ये थैली घेऊन बसायचा, नाव पुकारायचा आणि कुणीतरी उठून सांगायचं, दे, तो माझा भाचा होता. पुढं गावं नव्या जागी बसवली, कोसा-दोन कोसांवर. पण बसवली. पत्ता न ठेवता गेलं, असं त्यातल्या एकाही गावाबद्दल लिहावं लागलं नाही.

जावई म्हणाले, म्हणजे चांगलंच की. मला तसंही म्हणता येत नाही.

कारण माझी काही वर्षं बीड जिल्ह्यात, धारूर-केजच्या बाजूला गेली. तिथं गावं दर वर्षी रिकामी होतात. दसरा झाला की मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेले कोयते ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरायची रीत आहे. गावात उरतात म्हातारी माणसं आणि त्यांच्या गळ्यात पडलेली शाळेची लेकरं. गुढीपाडव्याच्या आसपास माणसं परत येतात. अध्येमध्ये पोस्टमन गावात गेला की दहा घरांतली सात बंद. पण एकाही पाकिटावर 'पत्ता न ठेवता गेला' असं कधी आलं नाही. कारण कोपऱ्यावरच्या म्हातारीला माहीत असायचं: हा साताऱ्याच्या बाजूला अमक्या कारखान्यावर, तो पार कर्नाटकात, टोळी तमक्या मुकादमाची. तिकडून म्हातारीच्या नावे मनीऑर्डर यायची, आणि खालच्या कुपनावर मोठाल्या अक्षरांत एकच ओळ. बहुतेकदा शेळीबद्दल.

यंदा दसऱ्यानंतर अंबाजोगाईहून येताना रात्री आमची एसटी घाटाच्या अलीकडं अडकली. पुढं ट्रॅक्टरांची रांग होती, एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या. मी खाली उतरलो. एका ट्रॉलीच्या मागच्या फाळक्याशी उभा होतो तिथून आत दिसत होतं: तळाला बांबू आणि ताडपत्री, म्हणजे उद्याची कोपी, राहायची झोपडी. त्यावर ज्वारीची पोती, पोत्यांवर गोधड्या, गोधड्यांवर माणसं. पत्र्याची पेटी. उलटं टांगलेलं घमेलं. डालग्याखाली कोंबड्या. पाण्याचा निळा कॅन फाळक्याला सुतळीनं बांधलेला, आणि एक बाई त्यातून अर्धा तांब्या पाणी घेऊन लेकराचं तोंड पुसत होती, उरलेलं पाणी शेळीपुढं धरत होती. टाकीवर दिवा नव्हता, पण तिचा अंदाज पक्का होता. मी विचारलं, "किती लांब जायचं, ताई?" "बारामतीच्या म्होरं," ती म्हणाली, आणि मी रस्त्यात उभा आहे म्हणून मलाच म्हणाली, "सरका तिकडं, गाडी हलतीया."

तात्यांना हे सांगितलं तर म्हणाले, ह्यात नवं काय. मग जरा वेळानं, "तुझ्या जावयाच्या गाडीला भाडं किती पडलं म्हणलास?" मी आकडा सांगितला. त्यांनी उचलीचा आकडा सांगितला, आठवणीतल्या कुठल्यातरी सालचा. पुढं आम्ही दोघंही काही बोललो नाही.

लातूर काही ओसाड पडलेलं नाही, हे इथं सांगायलाच हवं, नाहीतर लातूरकर मला फाडून खातील. उलट गर्दी वाढलीय. आता इथं मार्क निघतात. मराठवाड्यातल्या गावागावांतून मुलं येतात, अकरावी-बारावी, नीट, जेईई. खोल्या, मेस, अभ्यासिका, झेरॉक्स. जुन्या मिलच्या समोरच्या गल्लीत एका मजल्यावर एवढ्या कॉट आहेत की खिडकीतून फक्त पाय दिसतात. निकाल लागला की चौकाचौकांत पोरांचे फलक. भाडेकरू मिळणार म्हणून लोक कर्ज काढून मजले चढवताहेत. मी पोस्टातला माणूस, मला त्या गल्लीतली टपाल दिसते: दर जूनला नवी नावं, जुनी नावं परत. तात्यांनी एकदा विचारलं, "हे किती साल चालंल?" मी म्हटलं, सांगता येत नाही. ते म्हणाले, "आम्हालाबी कुणी सांगितलं नव्हतं."

तर मिलचं झालं असं, की मालकाचा नातू मागच्या महिन्यात पुण्याहून आला. पोरगा चांगला, तात्यांच्या पाया पडला. जागेवर मुलांचं वसतिगृह बांधायचंय म्हणाला. फाटकाखालून पोस्टमननं सरकवलेली पाकिटं तात्यांनी एका पेंडीच्या पोत्यात भरून ठेवली होती, ती त्याच्या हवाली केली. त्यानं वरची दोन-चार पाहिली, कराच्या नोटिसा असाव्यात, आणि पोतं गाडीच्या डिकीत टाकलं. एक्स्पेलर भंगारात द्यायचे ठरले.

भंगारवाला टेम्पो घेऊन आला तेव्हा मी तिथंच होतो. त्यानं मशीनवर दोन थपडा मारल्या, आत टॉर्च टाकला आणि भाव सांगितला, वर म्हणाला, आत पेंड थिजून बसलीय, तिची घट धरावी लागंल. दहा टक्के. तात्या उठले. ऐंशीच्या पुढचा माणूस, ओट्याला हात टेकून उठला, पण उठल्यावर आवाज मिस्त्रीचा. "धा टक्के? ह्या केजमधी आख्खी पेंड धरली तरी किती बसतीया ठावं हाय का तुला? अन् वर्म येगळा तोलायचा. त्यो भंगार न्हाई, त्याचं पोलाद येगळं हाय." भंगारवाला म्हणाला, बाबा, मग काढून द्या येगळा. नातू म्हणाला, आजोबा, जाऊ द्या ना, पाच-पन्नास किलोचा तर प्रश्न.

तात्यांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. आतल्या खोलीतून पान्यांची पेटी ओढत आणली, सगळ्यात मोठा पाना माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "धर. उलट्या आट्याचा नट हाय, उजवीकडं फिरीव."